माती धुण्याआधी
(प्रस्तावना)

धुळ्यात तीन राष्ट्रीय महामार्ग एकमेकांना भेटतात: मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडे जाणारा. शहराबाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ट्रकांची गॅरेजं लागतात. त्या गॅरेजांच्या पुढ्यातली माती मी कित्येक वर्षं बघत आलो आहे. काळी माती आपल्याकडे सगळीकडेच, पण ही काळी निराळी. मे महिन्यात शेजारच्या वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, इथे पडत नाहीत. पहिल्या पावसानंतर बांधावर तरोटा उगवतो, इथे काडी उगवत नाही. पाणी टाकलं तर ते मुरत नाही, थेंब घरंगळत जातात. मूठभर माती नाकाजवळ नेली की जळक्या ऑइलचा वास येतो, आणि बोटांना लागलेला डाग दोन दिवस निघत नाही.

ही पुस्तिका अशाच मातीविषयी आहे. डिझेल, जळकं ऑइल, जुनी कीटकनाशकं, रंगांची आणि औषधांची द्रावकं, म्हणजे ज्यांना रसायनशास्त्रात सेंद्रिय रसायनं म्हणतात ती जमिनीत मुरली, तर साबणासारख्या पदार्थांच्या मदतीने ती बाहेर काढता येतात का, हा तिचा प्रश्न. ‘सेंद्रिय’ या शब्दावर शेतकरी वाचक अडखळेल. सेंद्रिय शेतीतला सेंद्रिय वेगळा. इथे कार्बनच्या सांगाड्यावर उभं असलेलं कुठलंही रसायन, विषारी असलं तरी, सेंद्रियच. पुस्तिका लिहिणारे तरुण आहेत. प्रस्तावनेचं काम माझ्याकडे आलं, कारण आयुष्यभर मी वर्गात साबणाचा धडा शिकवला.

लिहायला बसण्यापूर्वी मी घरच्या ओट्यावर पाच बरण्या मांडल्या. चार बरण्यांत गॅरेजसमोरची माती घातली, पाचवीत गिरणा नदीची वाळू. ती वाळू जळक्या ऑइलमध्ये कालवून आठ दिवस तशीच ठेवली होती. पाणी आमच्या बोअरचं, म्हणजे जड. मातीच्या पहिल्या बरणीत नुसतं पाणी, दुसरीत कपड्यांचा साबण किसून, तिसरीत धुण्याची पावडर, चौथीत रात्रभर भिजवलेल्या रिठ्याचं पाणी. वाळूतही रिठ्याचंच पाणी. झाकणं लावून प्रत्येक बरणी पाच मिनिटं हलवली आणि रात्रभर तशीच ठेवली.

सकाळी वाळूची बरणी पाहून आनंद झाला. तळाशी वाळू जवळजवळ मूळ रंगावर आलेली, वर तेलाचा गढूळ तपकिरी थर. पुस्तकात लिहितात अगदी तसं. मातीच्या बरण्यांनी मात्र निराळंच सांगितलं. नुसत्या पाण्यावर तेलाची पातळ, इंद्रधनुषी साय आली आणि बाकी सगळं मातीतच राहिलं. साबणाचं पाणी फाटलं. दही फुटावं तशा पांढुरक्या गुठळ्या वर तरंगत होत्या. रिठ्याचा फेस वाळूच्या बरणीत बोटभर टिकून होता, तितकंच पाणी घातलेल्या मातीच्या बरणीत तो केव्हाच बसला होता. सर्वांत वाईट अवस्था पावडरच्या बरणीची. माती तळाला बसलीच नाही. तिसऱ्या दिवशीही पाणी काळंकुट्ट, आणि त्यात तेल कुठलं आणि माती कुठली हे वेगळं करायची सोय नाही.

पुस्तिकेत जे काही आहे ते या पाच बरण्यांच्या फरकातून समजून घेता येतं.

आधी हे साबणासारखे पदार्थ म्हणजे काय ते पाहू. मराठीत त्यांना पृष्ठसक्रियक म्हणतात. शब्द जड आहे, म्हणून पुढे मी सर्फॅक्टंटच म्हणेन. नाव नवं वाटलं तरी खान्देशातल्या प्रत्येक शेतकऱ्याने ते हाताळलेलं आहे. कपाशीवर फवारणी करताना पंपात औषधाबरोबर ‘स्टीकर’ टाकतो ना, तो सर्फॅक्टंट. तो नसेल तर थेंब पानावरून ओघळून जातो. असेल तर पसरतो. औषधाच्या बाटलीवर ‘ईसी’ लिहिलेलं असतं आणि ते पाण्यात ओतताच पाणी दुधासारखं होतं, तेही सर्फॅक्टंटचंच काम. मूळ औषध तेलकट द्रावकात विरघळलेलं असतं आणि सर्फॅक्टंट त्याचे बारीक थेंब करून पाण्यात तरंगत ठेवतो.

सर्फॅक्टंटच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं टोक, म्हणजे शेपटी, तेलाकडे. पाण्यात थोडेच रेणू असतील तर ते पृष्ठभागावर जाऊन उभे राहतात आणि पाण्याचा ताण सैल करतात. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर; चांगला सर्फॅक्टंट तो तिशीच्या आसपास आणतो. प्रमाण एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की रेणू एकमेकांत शेपट्या घालून गोळे करतात. हे मायसेल. त्यांच्या पोटात तेलकट पदार्थांना जागा मिळते. कपाटातली डांबराची गोळी, म्हणजे नॅप्थलीन, एक लिटर पाण्यात जेमतेम ३० मिलिग्रॅम विरघळते. डीडीटी तर लिटरला काही मायक्रोग्रॅम इतकंच. म्हणून पाऊस कितीही पडो, ही रसायनं मातीतून धुऊन जात नाहीत. मायसेलांनी विरघळण्याची ही मर्यादा कितीतरी पटींनी वाढते. माती धुण्याची सगळी कल्पना एवढ्यावर उभी आहे.

ही कल्पना तेलविहिरींच्या धंद्यातून आली. खडकाच्या छिद्रांत अडकलेलं उरलंसुरलं खनिज तेल सर्फॅक्टंटचं पाणी ढकलून बाहेर काढता येतं. मग कारखान्याखालच्या जमिनीत सांडलेलं का काढता येऊ नये? अमेरिकेत यूटा राज्यातल्या हिल हवाई तळावर १९९०च्या दशकात हे करून दाखवलं गेलं. तिथे यंत्रं धुण्याचं क्लोरीनयुक्त द्रावक जमिनीत उतरून साचलं होतं. सर्फॅक्टंट ढकलून चाचणीच्या पट्ट्यातलं जवळजवळ सगळं द्रावक बाहेर आलं. हे यश खरं आहे, पण ते कुठल्या जमिनीत मिळालं हे वाचायचं राहून जातं. तिथे वरचा थर वाळू-गोट्यांचा होता आणि खाली चिकणमाती. पाणी वाळूतून मोकळं वाहिलं आणि खालच्या चिकणमातीने द्रावक आणखी खोल जाऊ दिलं नाही. माझ्या पाचव्या बरणीचीच मोठी आवृत्ती म्हणा.

रिठ्याचीही हकिकत आहे आणि ती सांगताना मला अभिमान वाटतो. १९९७ साली लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी हेक्साक्लोरोबेन्झीन या हट्टी विषाने दूषित केलेली माती रिठ्याच्या टरफलाच्या अर्काने धुतली. साध्या पाण्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक विष बाहेर आलं. त्या संशोधकांत रॉय, कोम्मलापाटी, वलसराज ही भारतीय आडनावं आहेत. आपल्या आज्या ज्याने केस आणि रेशमी लुगडी धूत, ते फळ जगातल्या नामांकित पर्यावरण नियतकालिकात माती धुण्यासाठी पोहोचलं ते असं. रिठ्यातला सर्फॅक्टंट, म्हणजे सॅपोनिन, जमिनीत कुजून जातो, ही त्याची मोठी जमेची बाजू. उलट नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट हा कारखान्यांत भरपूर वापरला गेलेला स्वस्त सर्फॅक्टंट कुजताना मागे नोनिलफिनॉल सोडतो, आणि ते माशांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतं. युरोपीय संघाने २००३ साली त्याच्या वापरावर कडक बंधनं घातली. म्हणजे चुकीच्या साबणाने माती धुतली तर एक घाण काढून दुसरी पेरल्यासारखं होतं.

आता आपल्या मातीकडे येतो. या पुस्तिकेतलं सर्वांत मोलाचं प्रकरण माझ्या मते हेच आहे.

खान्देशची काळी माती बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनली. तिच्यातली चिकणमाती मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइट या गटातली आहे. पुस्तकाच्या पानांसारखे तिचे थर असतात. पाणी आत शिरलं की ते फुगतात, गेलं की आकसतात. भेगा पडतात त्या याने. या थरांचा पृष्ठभाग मोजला तर शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅमला ७०० ते ८०० चौरस मीटर भरतो. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. चिमूटभर चिकणमातीत सात गुंठे! एवढा पृष्ठभाग रिकामा बसत नाही. घातलेला सर्फॅक्टंट तेलापर्यंत पोहोचण्याआधी मातीच तो आपल्या थरांत ओढून घेते. माझ्या बरणीतला रिठ्याचा फेस बसला तो यामुळे. धन भार असलेले सर्फॅक्टंट तर या मातीला असे चिकटतात की सुटण्याचं नाव नाही. तिच्यावर ऋण भार असतो. ऋण भाराचे सर्फॅक्टंट चिकटत नाहीत, पण आपली जमीन चुनखडीची. कॅल्शियमबरोबर त्यांचा साका होतो. बोअरच्या पाण्याने अंघोळ करताना साबणाला फेस येत नाही आणि बादलीला पांढरा थर बसतो, तेच जमिनीच्या पोटात होतं.

पावडरची बरणी नासली त्याचं कारण शेतकऱ्यांना मी न सांगता कळेल. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो, सोड्यात सोडियम. सोडियमने मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, पाण्यात विरतात आणि खाली बसताना सगळी छिद्रं बुजवतात. अशा जमिनीला आपण चोपण म्हणतो. तेल काढायच्या नादात चोपण जमीन तयार करून ठेवली, तर पुढच्या पिढीला जिप्सम टाकत बसावं लागेल. डिझेल सांडलं की निरमा टाकून पाण्याचा मारा करायचा, ही पद्धत मी पेट्रोलपंपांवर आणि अपघातांच्या जागी पाहिली आहे. सिमेंटच्या फरशीवर ती चालून जात असेल, काळ्या मातीवर कृपा करून करू नका.

पाण्याचा हिशेबही करून पाहावा. एक ब्रास दूषित माती म्हणजे शंभर घनफूट, वजन साधारण चार टन. पाचपट पाण्याने एकदाच धुवायची म्हटलं तरी वीस हजार लिटर पाणी लागतं. मोठे दोन टँकर. ज्या तालुक्यांत उन्हाळ्यात पिण्यासाठी टँकर लावावे लागतात, तिथे हे पाणी आणायचं कुठून? शिवाय धुऊन झाल्यावर हातात उरतं ते काळं, तेलकट, फेसाळ पाणी. ते कुठे सोडणार? नाल्यात सोडायचं म्हणाल तर शिरपूरची आठवण ठेवा. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी २००४ पासून त्या तालुक्यात नाले रुंद आणि खोल केले, वरचे, पाणी न झिरपू देणारे थर काढले, आणि पावसाचं पाणी थेट खालच्या वाळूच्या थरांत उतरवलं. कोरड्या विहिरी भरल्या. आज ‘शिरपूर पॅटर्न’ महाराष्ट्रभर माहीत आहे. पण जमिनीचं दार पाण्याला उघडलं की ते घाणीलाही उघडतं. सर्फॅक्टंटचं तर कामच हट्टी रसायनाला पाण्यात उतरवणं. मातीला धरून निपचित पडलेलं विष त्याने सुटं केलं आणि आपण ते वर उपसून घेतलं नाही, तर ते शेजाऱ्याच्या विहिरीत जातं. म्हणून धुणं हा शब्दच या पुस्तिकेच्या लेखकांनी जपून वापरला आहे, आणि मला ते पटतं.

मग आपल्याकडे सर्फॅक्टंटचा उपयोग काय? माती धुण्यासाठी फार कमी, मातीतल्या जिवाणूंचा घास बारीक करून देण्यासाठी मात्र पुष्कळ. डिझेल आणि ऑइल खाणारे जिवाणू बहुतेक मातीत मुळातच असतात. त्यांची अडचण एवढीच की ते पाण्याच्या पातळ थरात राहतात आणि तेल त्या थरात येत नाही. स्यूडोमोनस जातीचे काही जिवाणू यावर स्वतःच उपाय करतात: ऱ्हॅम्नोलिपिड नावाचा सर्फॅक्टंट तयार करून बाहेर सोडतात, तेलाचे थेंब फोडतात आणि खातात. हा पदार्थ शास्त्राला १९४०च्या दशकापासून माहीत आहे. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचं सर्फॅक्टिन १९६८ साली जपानमध्ये सापडलं. ते पाण्याचा ताण ७२ वरून २७ वर आणतं. पुणे विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात बाळू चोपडे, सुरेखा सातपुते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्रातल्या सूक्ष्मजीवांच्या अशा जैव-सर्फॅक्टंटवर महत्त्वाचं लिखाण केलं आहे. दिल्लीच्या टेरी संस्थेने तेल खाणाऱ्या जिवाणूंचा ‘ऑइलझॅपर’ तयार केला. त्या जिवाणूंना बसायला गादी कसली, तर दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाची भुकटी. २०१० साली मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन किनाऱ्याला तेल लागलं, तेव्हा ऑइलझॅपर तिथे वापरला गेला. मक्याची अशी कणसं आपल्याकडे मळणीनंतर ढिगांनी पडलेली असतात.

या पद्धतीचं वर्णन करायला मराठीत एक नेमका शब्द तयार आहे: वाफसा. पेरणीला हवा तसा ओलावा, ढेकूळ हातात फुटेल इतका. पाणीही आहे आणि हवाही आहे. तेल खाणाऱ्या जिवाणूंना नेमका हाच हवा. दूषित माती उकरून शेततळ्याच्या प्लास्टिक कागदावर दीड-दोन फूट उंचीचा वाफा करायचा, भोवती बांध घालायचा म्हणजे पावसाचं पाणी आत-बाहेर जाणार नाही. शेणखत, मक्याची किंवा पऱ्हाटीची भुकटी, थोडा युरिया आणि सुपर फॉस्फेट मिसळायचं; शंभर भाग कार्बनला दहा भाग नत्र आणि एक भाग स्फुरद हे ढोबळ प्रमाण. जैव-सर्फॅक्टंट किंवा रिठ्याचं पाणी अगदी माफक, तेल सुटून बाहेर वाहील इतकं नाही, ओलसर होईल इतकंच. दर आठ-दहा दिवसांनी माती खालीवर करायची आणि वाफसा मोडू द्यायचा नाही. त्यासाठी ठिबकच्या नळ्या अंथरणं तर जळगावच्या माणसाला शिकवायला नको. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात जिवाणू थंडावतात, म्हणून कामाला सुरुवात ऑक्टोबरात करावी. डिझेलसारखं हलकं तेल काही महिन्यांत पुष्कळ कमी होतं. जळक्या ऑइलमधले जड भाग हट्टी असतात, त्यांना वेळ द्यावाच लागतो.

कीटकनाशकांबद्दल मात्र जास्त सावध राहायला हवं. बीएचसी पावडर आणि एन्ड्रीन ही नावं माझ्या पिढीच्या शेतकऱ्यांच्या ओठांवर होती. आज दोन्हींवर बंदी आहे. एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये बंदी घातली. बंदी आली तरी मातीतला अंश दुसऱ्या दिवशी जात नाही. तरीही पिकाच्या वावरात सर्फॅक्टंट टाकून हा अंश काढायच्या फंदात कोणीही पडू नये. तिथे तो विरळ आहे आणि मातीला घट्ट धरून आहे. तो सोडवणं म्हणजे मुळांना आणि विहिरीला देणं. उपाय करायचा तो ठिपक्यांवर: जिथे वर्षानुवर्षं पंप भरले गेले, जिथे रिकाम्या बाटल्या पुरल्या, जुन्या गोदामाच्या मागे जिथे फुटकी पोती पडली.

हे ठिपके शोधायचे कोणी, हा प्रश्न मला शास्त्राहून अवघड वाटतो. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यात वाघाडी इथे रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, दहाहून अधिक माणसं गेली. अशा वेळी आधी माणसं, यात दुमत नाही. पण आग विझल्यावर, मारलेलं पाणी कोणत्या उताराने गेलं आणि कुठे मुरलं हे विचारणारा माणूस यंत्रणेत ठरलेला असायला हवा. आता अशा चौकशीला कायद्याचा आधार आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांचा अहवाल दर सहा महिन्यांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचा, मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, दूषितपणा आढळला तर सविस्तर पाहणी, आणि सफाईचा खर्च ज्याने घाण केली त्याच्याकडून, अशी त्यांची रचना आहे. नियम चांगले आहेत. पण धुळे आणि जळगावच्या कलेक्टर कचेरीत बसून कोणालाही गावकुसाबाहेरची माती दिसणार नाही.

ती आपल्याला दिसते. म्हणून वाचकांना माझी एक विनंती आहे. पुस्तिका वाचून झाल्यावर बरणीचा प्रयोग जरूर करा, हातमोजे घालून, आणि उरलेलं पाणी मोरीत ओतू नका; उन्हात आटवून गाळ बंद डब्यात ठेवा. कीटकनाशकाच्या मातीवर हा प्रयोग घरी करू नका. आणि तुमच्या शिवारात तेलाने किंवा औषधाने मेलेली जागा असेल तर तलाठी आणि तहसीलदार यांच्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्जात चार गोष्टी लिहा: गट नंबर, जागेची लांबी-रुंदी, तिथे काय सांडलं असावं, आणि सर्वांत जवळची विहीर किती लांब आहे. अंतर पावलांनी मोजलंत तरी चालेल.